मगोचं मत टक्केवारीत नाही, तालुक्यात शोधा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक जवळ आली की आपल्या पेपरासकट सगळीकडं एकच वाक्य वाचायला मिळतं, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आता दोन आमदारांचा पक्ष उरलाय, 2022 ला जेमतेम साडेसात टक्के मतं, म्हणजे संपल्यात जमा. टीव्हीवर तेच, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच, आणि आमच्या फोंड्याच्या बाजारात चहा पिताना पण लोक तेच बोलतात. मी कुर्टीचा, वयाची सत्तरी झाली, पहिलं मत 1977 ला दिलं, आणि त्यानंतर बऱ्याच निवडणुकांना बूथवर एजंट म्हणून बसलोय. तेव्हा या वाक्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, पण कृपा करून कापून अर्धं छापू नका.

हा साडेसात टक्के आकडा खोटा नाही, पण तो काढताना आपण काणकोणपासून पेडण्यापर्यंतचा सगळा गोवा एकाच टोपलीत घालतो, आणि मगोचं मत तसं सगळ्या गोव्यात सारखं पसरलेलं कधीच नव्हतं. अगदी मगोचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात पण नव्हतं. दक्षिण गोव्यातल्या, ख्रिस्ती वस्तीच्या साष्टीच्या किनाऱ्यावर मगो हा शब्द ऐकून लोक दार लावून घ्यायचे आणि इकडं आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंडा तालुक्यात, मगोचा सिंह सोडून दुसरं चिन्ह माहीत नसलेली घरं होती. दोन्हीची सरासरी काढून जो आकडा येतो तो साष्टीचा पण नसतो आणि फोंड्याचा पण नसतो.

हे का झालं ते समजायला थोडं मागं जावं लागतं. पोर्तुगिजांनी तिसवाडी 1510 ला घेतली, बारदेस आणि साष्टी 1543 ला, आणि आमचा फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण हे सगळं त्यांच्या हातात आलं ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे वर्षांनी. पहिल्या भागाला जुन्या काबिजादी म्हणायचे, दुसऱ्याला नव्या काबिजादी. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतली देवळं मोडली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि जुवारी पार करून अंत्रुजात आणले, कारण तेव्हा अंत्रुज पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. आज पर्यटक गाड्या भरभरून ही देवळं बघायला येतात पण ती इथंच का आहेत हे फार कमी लोक विचारतात. चारशे वर्षांपूर्वी देवांनी जी नदी ओलांडली ती नदी आमच्या निवडणुकीच्या नकाशावर आजसुद्धा दिसते, हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, आकडे बघूनच लिहितोय.

1967 ची लोकसभा घ्या, उत्तरेत मगोचे जनार्दन शिंक्रे, दक्षिणेत युगोचे, म्हणजे मगोच्या विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षाचे, एरास्मो सिक्वेरा. 1996 ची लोकसभा घ्या, मधे एकोणतीस वर्षं गेलेली, पक्ष बदलले, घटक राज्य झालं, तरी उत्तरेत मगोचे रमाकांत खलप आणि दक्षिणेत युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पक्षाचे चर्चिल आलेमाव. आणि 2024 ला उत्तरेत भाजपचे श्रीपाद नाईक, दक्षिणेत काँग्रेसचे कॅप्टन विरियातो. नावं बदलतात, झेंडे बदलतात, रेषा तिथंच. लोकसभेचा हिशेब पण नीट बघायला पाहिजे, कारण आमचा तालुका तिथं फाडलेला आहे, प्रियोळ उत्तर गोव्यात घातलाय आणि फोंडा, शिरोडा, मडकई दक्षिणेत. म्हणजे अंत्रुजाचं मत एकत्र मोजायची सोयच नाही, एकाच जत्रेला जाणारी माणसं लोकसभेला दोन वेगवेगळ्या खासदारांसाठी उभी असतात.

आता विधानसभेच्या सीट्स मोजा. बारदेसात 7, तिसवाडीत 5, मुरगावात 4, साष्टीत 8, झाल्या 24. पेडण्यात 2, डिचोलीत 3, सत्तरीत 2, फोंड्यात 4, सांगे-धारबांदोड्यात 2, केप्यात 2, काणकोणात 1, झाल्या 16. चाळीसपैकी चोवीस जुन्या काबिजादीत आणि सोळा नव्या काबिजादीत. ज्या पक्षाचा मूळ जीव नव्या काबिजादीत आहे त्याला सत्तेवर यायचं असेल तर सोळाच्या सोळा जिंकून पण भागत नाही, त्याला बारदेस आणि तिसवाडीच्या गावागावातला बहुजन समाज सोबत घ्यावा लागतो. भाऊसाहेबांनी तेच केलं होतं, आणि तेव्हाच मगोचं राज्य आलं.

इथं मला जनमत कौलाबद्दल लिहायलाच पाहिजे कारण त्याच्याशिवाय मगोचं मत समजत नाही. 16 जानेवारी 1967. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल आणि वेगळ्या संघप्रदेशाला दोन पानं, अशी चिन्हं. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या वाड्यावरच्या भिंतीवर फुलं रंगवलेली मला आठवतात, गेरूनं काढलेली, एकाची पाकळी मोठी एकाची लहान. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. फरक 34,021 मतांचा. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही असं आई सांगायची. आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि तिच्यात कोण जिंकलं? मगो, 16 जागा. युगोला 12. म्हणजे ज्या गोव्यानं मगोचा सगळ्यात मोठा मुद्दा जानेवारीत नाकारला त्याच गोव्यानं मार्चमध्ये सरकार मगोच्याच हातात दिलं.

ही गोष्ट मी अनेकांना सांगतो आणि लोक म्हणतात हो हो माहीत आहे, पण तिचा अर्थ कुणी पुढं नेत नाही. माझ्या मते अर्थ सरळ आहे, मगोला मत देणारा माणूस फक्त महाराष्ट्रात जायचं म्हणून मत देत नव्हता. दोन पानांवर शिक्का मारून नंतर सिंहावर शिक्का मारणारे हजारो हिंदू बहुजन लोक होते, त्याशिवाय हे गणित जुळतच नाही. त्यांना भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जाचातून सुटका पाहिजे होती, पोरांना गावात शाळा पाहिजे होती, आणि आपल्यातला कुणीतरी खुर्चीवर बसलेला बघायचा होता. पक्षाच्या नावात महाराष्ट्र होतं, पण बहुतेकांच्या मतामागं कूळ होतं, मुंडकार होतं, शाळा होती.

मुंडकार म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. दुसऱ्याच्या जमिनीत, भाटकाराच्या परवानगीनं घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर तुमचं, जमीन त्याची. म्हणजे छपराचं कौल बदलायचं तर विचारा, मागं न्हाणीघर काढायचं तर विचारा, मुलाचं लग्न झालं आणि एक खोली वाढवायची तर विचारा. आमचं घर असंच होतं. आमचे आजोबा कूळ पण होते आणि मुंडकार पण, शेत पण दुसऱ्याचं आणि दार पण दुसऱ्याच्या जमिनीवर उघडणारं. सुगी झाली की भात मोजून द्यायचं, वर सणासुदीला नारळ, भाजी घेऊन जायचं आणि व्हरांड्याच्या खाली उभं राहायचं. वर चढायचं नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, मी स्वतः आजोबांचा हात धरून त्या पायऱ्यांच्या खाली उभा राहिलोय, आतून कोण बाहेर येईपर्यंत, ऊन असलं तरी.

1975 ला मुंडकार संरक्षण कायदा आला आणि 1976 ला कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, कसेल त्याची जमीन, दोन्ही मगोच्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना. भाटकार कोर्टात गेले, वर्षानुवर्षं खटले चालले, आमचा कागद हातात येईपर्यंत आजोबा गेले होते आणि कचेरीत हेलपाटे मारून वडील थकले होते. पण आजोबांनी कायदा झाल्याचं ऐकलं होतं. आमची आजी निरक्षर होती, तिला कँडिडेटचं नाव सांगून उपयोग नसायचा, ती बूथवर जाताना एकच विचारायची, सिंह वर आहे की खाली. तेवढं कळलं की तिचं काम झालं. ती गेली त्या वर्षापर्यंत तिनं दुसऱ्या कशावर शिक्का मारला नाही. आता कुणी मला सांगा, हे मत साडेसात टक्क्यात कुठं बसवायचं?

भाषेचं पण असंच आहे. आमच्या घरात कोकणी बोलतात आणि पेपर मराठी वाचतात, भजन मराठी, आरती मराठी, नाटक मराठी, लग्नाची पत्रिका मराठी. साष्टीतल्या माझ्या मित्राला हे ढोंग वाटायचं, तो म्हणायचा बोलता कोकणी मग मत मराठीला का. मी त्याला सांगायचो की बाबा, तुला जसं चर्चमध्ये शिकायला मिळालं तसं आम्हाला देवळाच्या मंडपात मिळालं आणि तिथं मराठी होती. 1987 ला राजभाषा कायदा झाला, देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापराची सोय राहिली. त्या वादात माणसं दुरावली, आमचा तो मित्र आणि मी दोन वर्षं बोललो नाही. पण निवडणुकीत काय झालं बघा, 1989 ला चाळीस जागांची पहिली विधानसभा, काँग्रेस 20 आणि मगो 18. सत्ता जाऊन दहा वर्षं झालेली, भाऊसाहेब जाऊन सोळा वर्षं झालेली, तरी अठरा. ज्यांना मगो म्हणजे भाऊसाहेबांची पुण्याई एवढंच वाटतं त्यांनी हा अठराचा आकडा डोळ्यासमोर ठेवावा.

मग ते मत गेलं कुठं? माझं म्हणणं आहे ते कुठंच गेलं नाही, ते जागेवरच आहे, फक्त बाजूच्या घरात राहायला गेलं. 1994 ला मगोनं भाजपशी अलायन्स केलं, मगोचे 12 आले आणि भाजपचे पहिले 4 आले. त्या चारात एक होते मनोहर पर्रीकर पणजीत, आणि एक होते श्रीपाद नाईक मडकईत. मडकई! भाऊसाहेबांचा मतदारसंघ आपण आपल्या हातानं मित्रपक्षाला दिला. पुढं 1999 ला भाजप 10, मगो 4. 2002 ला भाजप 17, मगो 2. आता दोघांची बेरीज करा, 1994 ला सोळा, 1999 ला चौदा, 2002 ला एकोणीस. आणि 1989 ला एकट्या मगोचे होते अठरा. भाजपनं शहरात स्वतःचं मत कमावलं हे खरं, पर्रीकरांचं काम होतंच, पण गावातलं मत नवीन तयार झालेलं नाही, सिंहाचंच मत कमळावर गेलं. डिचोली, सत्तरी, पेडणे तालुक्यातल्या सत्तर वर्षांच्या कुठल्याही माणसाला विचारा, पहिलं मत कुणाला दिलंत, बहुतेकजण सिंहच सांगतील.

आणि जे उरलं ते कुठं उरलं? 2007 ला मगोच्या दोन जागा, मडकई आणि प्रियोळ. 2012 ला तीन जागा, मडकई, प्रियोळ आणि फोंडा. तिन्ही फोंडा तालुक्यात, चारपैकी तीन. याला संपलेला पक्ष म्हणतात का? याला एका तालुक्यात घट्ट बसलेला पक्ष म्हणतात. सुदिन ढवळीकर 1999 पासून मडकईत एकदा पण हरले नाहीत, सहा वेळा सलग. लोक म्हणतात ही एका घराण्याची पार्टी झाली, दोन भावांची पार्टी. मी ढवळीकरांचा माणूस नाही, त्यांच्या काही गोष्टी मला पटत नाहीत, आणि पक्ष एका घराभोवती आक्रसत गेला हे मला पण लागतं. पण एक घराणं पंचवीस वर्षं निवडून येतं तेव्हा त्याच्या खाली काहीतरी जमीन असते, ती जमीन कुठली हे बघायचं सोडून आपण घराण्यावरच थांबतो.

2017 चा निकाल तर शाळेत शिकवावा असा आहे. भाजपला 32.5 टक्के मतं आणि 13 जागा, काँग्रेसला 28.4 टक्के मतं आणि 17 जागा. मगोला 11.3 टक्के मतं आणि 3 जागा, गोवा फॉरवर्डला साडेतीन टक्के मतं आणि 3 जागा. म्हणजे मगोच्या एक तृतीयांश मतात फॉरवर्डनं तेवढ्याच सीट्स घेतल्या, कारण ते मोजक्या ठिकाणी उभे राहिले आणि जिथं आपलं मत दाट आहे तिथंच लढले. मगो तेव्हा शाळेतल्या शिक्षणाच्या माध्यमाच्या प्रश्नावरून भाजपपासून वेगळा झालेला, गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेनेबरोबर, ठिकठिकाणी कँडिडेट दिले, मतं चांगली पडली पण पातळ पसरली. लहान राज्यात लहान पक्षाला पसरून चालत नाही. आमच्याकडं एका मतदारसंघात मतदार किती, सरासरी एकोणतीस-तीस हजार. महाराष्ट्रात एवढे मतदार एखाद्या नगरपालिकेला असतात. इथं पाच हजार मतं एका जागी असली तर तुम्ही लढतीत आहात, आणि तीच पाच हजार मतं पाच जागी असली तर तुम्ही फक्त टक्केवारीत आहात.

आता 2022 चं सांगतो, कारण ते माझ्या डोळ्यासमोर घडलं. 10 मार्चला निकाल. फोंड्यात मगोचे केतन भाटीकर विरुद्ध भाजपचे रवी नाईक. सकाळपासून मी मोबाईल हातात धरून बसलेलो, मुलगा लॅपटॉपवर, सून आतून विचारतेय कितव्या राऊंडला. कधी हे पुढं, कधी ते पुढं. शेवटी रवी नाईक 77 मतांनी आले. सत्त्याहत्तर. त्याच दिवशी बाजूच्या प्रियोळात मगोचे दीपक ढवळीकर, सुदिन यांचे भाऊ, भाजपच्या गोविंद गावडेंकडून 213 मतांनी पडले. दोन्ही मिळून 290 मतं. दोनशे नव्वद मतं इकडची तिकडं झाली असती तर मगो दोनाचा नाही, चाराचा पक्ष असता, आणि आज तुमच्या पेपरात संपलेला पक्ष हे वाक्य आलं नसतं. टक्केवारी तेव्हा पण साडेसातच राहिली असती.

त्या संध्याकाळी आम्ही चारजण देवळाच्या सोप्यावर बसलो आणि आमच्याच वाड्यातली कोण मत द्यायला आली नाहीत ते मोजलं. दोघं जहाजावर, एक कुवेतला, एका घरात सोयर (बाळंतपणाचा विटाळ) होतं म्हणून तिघं आली नाहीत, एक म्हातारी पाय मोडून पडलेली आणि तिला न्यायला गाडी पाठवतो म्हणालेल्या कार्यकर्त्यानं गाडी पाठवली नाही, एक नवरा-बायको लग्नाला बेळगावला गेलेली, आणि दोघांची नावं यादीतूनच गायब झालेली. अकरा झाली. एका वाड्यात अकरा. सत्त्याहत्तर म्हणजे असे सात वाडे. त्या म्हातारीचं मला आजपण वाईट वाटतं, ती सकाळपासून साडी बदलून बसली होती, दुपारी तीन वाजता तिनं विचारलं गाडी येतेय ना, आणि मी बूथ सोडून जाऊ शकत नव्हतो.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांना कळत नाही. त्या लढतीत भाजपकडून जिंकलेले दिवंगत रवी नाईक यांचं राजकारण मगोतच उभं राहिलेलं, 1991 ला मगो फोडून ते काँग्रेसच्या बाजूला गेले आणि मुख्यमंत्री झाले. म्हणजे फोंड्यात त्या दिवशी सिंह विरुद्ध कमळ अशी लढाई पेपरात होती, वाड्यावर ती एकाच घरातल्या दोन चुलत्यांसारखी होती. काही घरांत बापाचं मत रवींना, पोराचं मत केतनला. अशा ठिकाणी हिंदू मत, बहुजन मत, भंडारी मत असले ठोकळे लावून अंदाज काढले की ते चुकणारच, आणि दरवेळी चुकतात.

मत हस्तांतर करता येतं असं आमदारांना वाटतं, ते पण एकदा बघू. 2019 च्या मार्चमध्ये मध्यरात्री मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केला, पेडण्याचे बाबू आजगावकर आणि सावर्ड्याचे दीपक पाऊसकर. सकाळी उठून पेपर उघडला आणि मला खरंच रडू आलं, आमच्या आजीची आठवण झाली. पण पुढं 2022 ला काय झालं? आजगावकरांना पेडणे सोडून मडगावात उभं राहावं लागलं आणि ते पडले. पाऊसकरांना तिकीटच मिळालं नाही, अपक्ष उभे राहिले आणि पडले. आणि मगोची दुसरी जागा आली कुठून, तर त्याच पेडणे तालुक्यातल्या मांद्र्यातून, जीत आरोलकर. आमदार गेले, तालुका राहिला.

हे सगळं लिहून मी मगोची बाजू घेतोय असं वाटत असेल तर ती मी घेतोच आहे, लपवत नाही. पण पक्षाच्या नेत्यांवर माझा राग जास्त आहे. 2022 ला बंगालच्या तृणमूलबरोबर युती केली, ती आमच्या वाड्यावर कुणालाच समजली नाही. कूळ-मुंडकाराच्या पक्षाचा आणि कोलकात्याचा काय संबंध, हे सांगायला कुणी आलं नाही. प्रचारभर भाजपविरुद्ध बोललो आणि निकाल लागल्याबरोबर भाजपला पाठिंबा. मंत्रीपद मिळालं, वीजखातं मिळालं, ठीक आहे. पण ज्या माणसानं भाजप नको म्हणून सिंहावर बटण दाबलं त्याला काय सांगायचं? आणि ज्यानं भाजपबरोबर राहा म्हणून दाबलं त्याला युती का केली ते काय सांगायचं? दोघांना पण उत्तर मिळालं नाही. एजंट म्हणून टेबलावर बसणाऱ्याला लोक रस्त्यात अडवून विचारतात, नेत्यांना कोण विचारायला जातं.

मुंडकारांच्या केसेस मामलेदार कचेरीत अजून पडून आहेत. आमच्या ओळखीतल्या एका विधवेची केस तिच्या नवऱ्याच्या हयातीत सुरू झाली, आता तिची मुलगी तारखांना जाते. मगोच्या जाहीर सभेत मी गेल्या दोन निवडणुकांत मुंडकार हा शब्द किती वेळा ऐकला ते बोटांवर मोजता येईल. ज्या शब्दावर पक्ष उभा राहिला तो शब्द दुसरे पक्ष उचलतायत. रिव्होल्युशनरी गोवन्सला 2022 ला साडेनऊ टक्के मतं पडली, मगोपेक्षा जास्त, आणि जागा एकच, सांत आंद्रे. त्यांची भाषा गोंयकारपणाची, जमिनीची, आणि आमच्या भागातली तरुण पोरं पण ती ऐकतात, माझा स्वतःचा भाचा त्यांच्या रॅलीला गेला होता. त्याला मी रागावलो नाही. त्याला जमिनीबद्दल कुणीतरी बोलताना ऐकायचं होतं.

आता पुढचं. गोव्यात अनुसूचित जमातींसाठी विधानसभेत राखीव जागा ठेवायचं विधेयक 2025 ला संसदेत मंजूर झालं. गावडा, कुणबी, वेळीप समाजाला हे फार आधी मिळायला पाहिजे होतं, मला त्याचा आनंद आहे. हा समाज प्रियोळ, केपे, सांगे, काणकोण या पट्ट्यात मोठा आहे, म्हणजे नेमका नव्या काबिजादीत. त्यानंतर जनगणना आणि मतदारसंघांची नवी आखणी. सोळा आणि चोवीस हे गणित तेव्हा बदलू शकतं, एखादं गाव या मतदारसंघातून त्या मतदारसंघात गेलं तर 77 मतांचं मार्जिन असलेल्या ठिकाणी सगळंच उलटतं. ही चर्चा आत्ता व्हायला पाहिजे, नकाशा छापून आल्यावर नाही. मगोच्या नेत्यांनी यावर काही अभ्यास केलाय असं निदान मला तरी दिसलेलं नाही, आणि तुमच्या पेपरात पण यावर एक सविस्तर लेख मी वाचलेला नाही.

म्हणून संपादक महोदय, माझी एक विनंती आहे. निवडणूक आयोग प्रत्येक मतदारसंघाचा बूथवार निकाल फॉर्म 20 मध्ये देतो. ते कागद इंग्रजीत, पीडीएफ, स्कॅन केलेले, मोबाईलवर वाचता येत नाहीत अशी स्थिती. फोंडा तालुक्याच्या चार मतदारसंघांचे 2012, 2017 आणि 2022 चे बूथवार आकडे मराठीत, गावाच्या आणि वाड्याच्या नावासकट, तुमच्या रविवारच्या पानावर छापा. एक मतदारसंघ एका रविवारी, चार रविवार लागतील. मग लोकांना आपोआप दिसेल सिंहाचं मत कुठं आहे, कमळावर कुठलं गेलं, आणि कुठल्या वाड्यात आता कुणाचंच राहिलं नाही. पेडणे आणि डिचोलीचं त्यानंतर करता येईल.

मी एजंट म्हणून बसलो त्या सगळ्या वर्षांचे आमच्या बूथचे आकडे एका वहीत उतरवून ठेवलेत, सुरुवातीची पानं शाईच्या पेनानं लिहिलेली आहेत आणि एका पावसाळ्यात थोडी भिजलीत पण वाचता येतात. तुम्हाला उपयोग होणार असेल तर सांगा, मी फोंड्याच्या बसनं येऊन वही ऑफिसात आणून देतो. झेरॉक्स काढून परत दिलीत तर बरं होईल.

आपला नम्र,
एक जुना वाचक,
कुर्टी, फोंडा - गोवा